रेवसची लाँच

आजीला मी सांगितलं होतं की आम्ही एसटीने जातोय. पनवेल, पेण, पोयनाड, अलिबाग. ती आयुष्यभर ज्या रस्त्याने माहेरी गेली, तोच रस्ता. तिने मान डोलावली, डब्यात दोन भाकऱ्या जास्त घातल्या आणि "खिडकीशी बस, उलटी होत नाय" असं बजावलं. सकाळी साडेपाचला मी डोंबिवलीहून निघाले, कुर्ल्याला गाडी बदलली आणि डॉकयार्ड रोडला उतरले. स्टेशनबाहेर माझी ऑफिसमधली मैत्रीण उभी होती. मूळची नागपूरची. मुंबईत येऊन तिला दोन वर्षं झाली होती आणि समुद्र तिने फक्त मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून पाहिला होता. "आज मी पहिल्यांदा पाण्यावरून कुठंतरी जाऊन राहिली," असं म्हणत ती भाऊच्या धक्क्याकडे चालायला लागली.

मुंबईहून अलिबागला एका दिवसात जाऊन यायचं तर बहुतेक लोक गेटवेवरून मांडव्याची कॅटामरान पकडतात. तासाभरात मांडवा, तिथून त्यांचीच बस. गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे, मार्च २०२० मध्ये सुरू झालेली. आणि पाणीच नको असेल तर आता अटल सेतूही आहे. या सगळ्यांच्या सावलीत एक जुनी लाकडी लाँच अजून चालते, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला. तिच्यात पर्यटक कमी. मासळीच्या पाट्या, मुंबईत औषधपाणी करून घरी निघालेली म्हातारी माणसं, एखादी बांधलेली सायकल. मी मुद्दाम तिचीच तिकिटं काढली होती. का, ते मैत्रिणीला नीट सांगितलं नव्हतं. आजीला तर नाहीच.

धक्क्याच्या नावातले भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत तोफांचे गाडे बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात ते कारकून होते. तिथून या गृहस्थांनी समुद्रात भर घालून धक्का बांधण्यापर्यंत मजल मारली. त्याआधी बोटीतून उतरणाऱ्या माणसाला चिखल तुडवत किनारा गाठावा लागायचा. आज धक्क्यावर मासळीचा लिलाव चालतो आणि वास असा असतो, की मैत्रिणीने रुमाल नाकाला लावला तो लाँच सुटल्यावरच काढला.

आता ज्या कारणासाठी ही लाँच निवडली, ते.

१७ जुलै १९४७, गुरुवार. आषाढी अमावस्या, म्हणजे आपल्या बोलीत गटारी. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, तोही त्या वर्षी अधिकाचा. गिरणगावात आणि बंदरात कामाला असलेली अलिबाग, पेण, रोह्याकडची माणसं सणाला घरी निघाली होती. सकाळी आठच्या सुमारास 'रामदास' नावाची आगबोट याच भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे सुटली. बोटीवर सातशेच्या आसपास माणसं होती. पाऊस होता, वारा होता. मुंबई बंदराच्या तोंडापाशी काश्याचा खडक आहे, त्याच्या आसपास बोट कलंडली आणि काही मिनिटांत बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली.

त्यांतला एक माझ्या आजीचा चुलता होता.

आजी तेव्हा चार वर्षांची. तिला स्वतःला फारसं आठवत नाही, जे आहे ते ऐकलेलं. चुलता लालबागच्या एका गिरणीत बदली कामगार होता. येताना बायकोसाठी पितळेची कळशी आणणार असं पत्रात लिहिलं होतं. प्रेत मिळालं नाही. म्हणून चुलतीने कुंकू पुसलं नाही. पोहून कुठे उरण-करंजाच्या बाजूला लागला असेल, डोक्याला मार बसून नाव विसरला असेल, असं ती वर्षभर म्हणत राहिली. मग एक दिवस सासूनेच तिच्या बांगड्या उतरवल्या. आजी हे सांगते तेव्हा रडत वगैरे नाही. फक्त एवढंच, की त्या घरातलं कुणी नंतर पाण्यावरून मुंबईला गेलं नाही. रेवसहून दीड तासात मुंबई दिसत असताना ही माणसं तीन-तीन बस बदलून, खाडीला पूर्ण वळसा घालून जात राहिली. आजी लग्न होऊन डोंबिवलीला आली तीही एसटीने.

लहानपणी मला ही गोष्ट बाकीच्या गोष्टींसारखीच वाटायची. शाळेत 'टायटॅनिक' पाहून आलो त्या दिवशी आजी म्हणाली, "आमची पन एक होती." मी लक्षही दिलं नव्हतं. टायटॅनिकमधले वाचलेले लोक ज्या जहाजाने उचलले ते 'कार्पेथिया', आणि आमची 'रामदास', दोन्ही जहाजं इंग्लंडच्या टाइन नदीकाठच्या स्वान हंटर या एकाच कारखान्यातून बाहेर पडलेली. कार्पेथिया १९०३ मध्ये सेवेत आली, रामदास १९३६ मध्ये बांधली गेली. हे मला कळलं ते पंचवीस वर्षांची झाल्यावर, एका रात्री झोप येत नव्हती म्हणून फोनवर वाचत पडले होते तेव्हा.

रामदासची मालक होती एक भारतीय सहकारी आगबोट कंपनी. गोऱ्यांच्या कंपन्यांसमोर उभी राहिलेली, आपल्या संतांची नावं बोटींना देणारी. नावातच लोकांना आपलेपणा वाटायचा. या कंपनीने त्याआधीही एक भयंकर दिवस पाहिला होता. ११ नोव्हेंबर १९२७ च्या वादळात तिच्या 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी गेल्या.

बोट कलंडली कशी, याचं जे वर्णन वाचलेल्या माणसांकडून आलं ते साधारण असं: वरून पाऊस, एका बाजूने लाटांचे तडाखे. माणसं घाबरून एका बाजूला सरकली. बोट त्या बाजूला झुकली, आणि तेवढ्यात मोठी लाट आली. मी इंजिनिअरिंग कॉम्प्युटरचं केलं, पण पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स सगळ्यांनाच होतं, आणि तेवढं इथे पुरतं. पाण्यात तरंगणारी वस्तू थोडी कलली, की जी बाजू खाली जाते तिथलं पाणी तिला जास्त जोराने वर ढकलतं आणि ती परत सरळ होते. हा हिशेब जमून येतो तो वजन आपल्या जागी राहिलं तर. गोणी बांधून ठेवता येतात, माणसं नाही. सातशे माणसं, सरासरी पन्नास किलो धरली तरी पस्तीस टन. हे पस्तीस टन घाबरलं की उंच बाजूकडे नाही, तर पाऊस-लाट जिथे कमी तिथे धावतं. लांबी साधारण १८० फूट आणि रुंदी तीस फुटांच्या आत, अशा अरुंद बोटीवर तो धक्का पुरेसा असतो.

आणखी एक हिशेब मी करून पाहिला. आमच्याकडे कोळी लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ते घड्याळ. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा: सहाच्या सुमारास भरती, बाराला ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास, आणि तीही उधाणाची. म्हणजे त्या गुरुवारी सकाळी साडेआठ-नऊला बंदराच्या तोंडातून वर्षातल्या जोरदार भरत्यांपैकी एक आत घुसत होती, आणि रामदास तिच्यातून वाट काढत बाहेर निघाली होती. हे गणित कागदाच्या कपट्यावर होतं. सणाला घरी जायची गर्दी आणि उधाण, दोन्ही अमावस्येनेच आणली.

बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. मुंबईपासून काही मैलांवर शेकडो माणसं बुडत होती आणि मुंबईला बातमी लागायला दिवस कलला. ज्यांना वाचवलं त्यांतले बरेच जण वाचले ते रेवसकडच्या कोळ्यांमुळे. मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या होड्यांनी मासळी टाकली आणि माणसं भरली. मला या सगळ्या प्रकरणात हीच एक गोष्ट पुन्हा पुन्हा वाचाविशी वाटते. त्या दिवसाची कमाई होती ती मासळी.

आणि मग अवघ्या एकोणतीस दिवसांनी १५ ऑगस्ट आला. देशाला दुसरं सुख होतं आणि फाळणीचं दुसरं दुःखही होतं. रामदास मागे पडली. शाळेच्या कुठल्याही पुस्तकात मला ती भेटली नाही. ती राहिली रेवस-अलिबाग पट्ट्यातल्या घरांत, "आमच्यातला एक गेला" इतक्याच वाक्यात.

हे सगळं मी मैत्रिणीला लाँच सुटल्यावर सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने बाकाखाली हात घालून लाइफ जॅकेट आहे का ते पाहिलं. समुद्र त्या दिवशी ताटातल्या आमटीसारखा शांत होता. डिसेंबरचा होता, पावसाळ्यातला नव्हता. पांढऱ्या पक्ष्यांचा थवा मागे लागला होता, एक मुलगा त्यांना कुरकुरे टाकत होता. मी फोनवर नकाशा उघडून आमचा निळा ठिपका बघत बसले. ठिपका बंदराच्या तोंडापाशी आला तेव्हा मला काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं ते इतकंच, की मुंबईच्या इमारती इथून किती स्पष्ट दिसतात. पोहता येणाऱ्या माणसाला त्या जवळ वाटल्या असतील.

रेवसच्या धक्क्यावर उतरलो, रिक्षावाल्यांशी घासाघीस केली आणि पंचवीसेक किलोमीटर चोंढीमार्गे अलिबाग गाठलं. वाटेत मैत्रिणीने विचारलं, "ते 'अलिबागसे आया है क्या' काऊन म्हणतात पण?" मला राग येईल असं तिला वाटलं असावं. राग येत नाही असं नाही. २०१९ मध्ये एका अलिबागकराने ही म्हण बंद करावी म्हणून उच्च न्यायालयात याचिकाच केली होती. न्यायालयाने ती फेटाळली, विनोद सगळ्यांवरच होतात म्हणून. विनोद मान्य आहे. फक्त भोळेपणाचा शिक्का याच गावावर बसावा, हे इतिहास पाहिला की जरा मजेशीर वाटतं. कारण सुमारे तीनशे वर्षांपूर्वी घाबरायची पाळी मुंबईची होती.

कान्होजी आंग्रे. अलिबागसमोरच्या कुलाबा किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू करवलं, ते संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं, आणि पुढे तो आंग्रेंच्या आरमाराचा मुख्य तळ झाला. कान्होजींचं म्हणणं सरळ होतं: या किनाऱ्यावरून जायचं तर आमचा दस्तक, म्हणजे परवाना, घ्यायचा. इंग्रज म्हणायचे आम्ही कशाला घेऊ. मग त्यांची जहाजं पकडली जायची. इंग्रजांच्या कागदांत कान्होजी 'चाचा' आहेत, म्हणजे समुद्री दरोडेखोर. स्वतःच्या समुद्रावर कर मागणाऱ्याला चाचा म्हणणं आणि सातासमुद्रापलीकडून येऊन कर न देणाऱ्याला व्यापारी म्हणणं, ही शब्दांची निवड आहे. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज, एरवी एकमेकांचे वैरी, एकत्र आले आणि सुमारे सहा हजारांचं सैन्य घेऊन कुलाब्यावर चालून आले. हरून परत गेले. कान्होजी १७२९ मध्ये वारले, तोवर त्यांना समुद्रावर कुणी नमवू शकलं नाही. गावात त्यांची समाधी आहे. रिक्षावाल्याने तिथे पाच मिनिटं थांबवलं आणि मीटर नसल्याने पाच मिनिटांचे वेगळे पैसेही घेतले.

आम्ही दिवस निवडला होता अष्टमीचा, आजीच्याच पाऊणपटीने. त्यामुळे बाराच्या सुमारास ओहोटी होती. किल्ल्यापर्यंत चालत जाता आलं, गुडघ्याच्या खालपर्यंत पाणी. घोडागाडीवाले "मॅडम, पाणी वाढेल" म्हणून भीती घालत होते, वाढलं नाही. तटाच्या समुद्राकडच्या भिंतीत चुना नाही, नुसते प्रचंड दगड एकमेकांवर रचलेले. लाट आली की फटींतून पाणी आत जातं, जोर मोडतो, परत येतं. आत गोड्या पाण्याची विहीर आहे, आंग्रेकालीन गणपतीचं देऊळ आहे. आणि तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा उभ्या आहेत. पर्यटक त्यांच्यावर हात ठेवून मावळ्याच्या थाटात फोटो काढतात. तोफेवरची अक्षरं वाचायचे कष्ट घेतले तर दिसतं: १८४९, लो मूर आयर्नवर्क्स, यॉर्कशायर. म्हणजे वारस नाही या सबबीवर इंग्रजांनी १८४० मध्ये आंग्रेंचं संस्थान खालसा केलं, त्यानंतर आलेल्या या तोफा आहेत. जिंकणाऱ्याच्या. मीही पहिल्यांदा शाळेच्या सहलीत तिथेच फोटो काढला होता.

किल्ल्यावरून परत आलो तेव्हा दोन वाजले होते. भाकऱ्या खाल्ल्या. मैत्रिणीला बीचवर बसायचं होतं, मला मात्र अलिबागमधली माझी सगळ्यात आवडती जागा दाखवायची होती. सहसा पर्यटकांच्या यादीत नसते ती: चुंबकीय वेधशाळा. आम्ही फाटकाबाहेरूनच पाहिली. झाडांमागे बैठ्या, जुन्या इमारती. मैत्रीण म्हणाली, "हे बघायला आणलं?"

हो, हेच. ऐका.

मुंबईच्या कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा काढली. जहाजांना वेळ हवी असते आणि होकायंत्रावर भरवसा हवा असतो. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेकडे नाही, चुंबकीय उत्तरेकडे वळते, आणि ती दिशा हळूहळू सरकत राहते. ती कोणी सतत मोजत राहिलं तरच नकाशे कामाचे. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी सुरू झाल्या. २ सप्टेंबर १८५९ ला सूर्याकडून आलेलं आजवरचं सगळ्यात प्रसिद्ध चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं. युरोप-अमेरिकेतल्या तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या. कुलाब्याला कुणीतरी उपकरणाशी बसून डोळ्यांनी आकडे वाचत वहीत लिहीत होतं. त्या वहीत दिसतं, की चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली कोसळलं. आज जगभरचे शास्त्रज्ञ त्या वादळाची ताकद ठरवायला मुंबईची ही वही उघडतात.

मग विसावं शतक उजाडलं आणि मुंबईला विजेच्या ट्राम हव्या झाल्या. १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम होत्या, त्यांचा वेधशाळेला त्रास नव्हता. घोडा चुंबकीय नसतो. विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून आणि जमिनीतून परत जातो आणि त्याचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पृथ्वीचा बारीक आवाज त्या गोंगाटात बुडून गेला असता. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक होते डॉ. नानाभाई मूस. त्यांनी शांत जागा शोधली ती पाण्यापलीकडे, अलिबागला. लोखंड वर्ज्य. पोरबंदरचा दगड, पितळ, तांबं. १९०४ मध्ये इमारत उभी राहिली. गंमत म्हणजे त्या वेळी अलिबाग ज्या जिल्ह्यात होतं त्याचंही नाव कुलाबा. रायगड हे नाव १९८१ चं. एका कुलाब्यातून दुसऱ्या कुलाब्यात.

पण मूस यांनी जुनी वेधशाळा लगेच बंद केली नाही, आणि त्यासाठी मला हा माणूस फार आवडतो. एप्रिल १९०४ ते मार्च १९०६, दोन वर्षं दोन्हीकडे मोजमापं चालू ठेवली. एकाच वेळचे आकडे शेजारी ठेवायचे, दोन जागांतला फरक काढायचा, आणि मगच जुनीला टाळं लावायचं. त्यामुळे १८४० च्या दशकापासून आजपर्यंतची नोंदींची मालिका सलग मानता येते. मुंबईत विजेची ट्राम धावली मे १९०७ मध्ये, म्हणजे सगळं आटोपल्यावर वर्षभराने.

माझ्या रोजच्या कामात आम्ही जुन्या सिस्टिममधून नव्या सिस्टिममध्ये डेटा हलवतो. दोन्ही काही काळ समांतर चालवा, आकडे जुळवा, असं पुस्तकात असतं. प्रत्यक्षात मॅनेजर म्हणतो शुक्रवारी रात्री करून टाका. गेल्या वर्षी असंच 'करून टाकलेलं' मी तीन आठवडे निस्तरत होते. मैत्रीणही त्याच टीममध्ये होती. ती फाटकाच्या सळ्या धरून म्हणाली, "दोन वर्षं दिली त्याला?" आणि मग स्वतःच्याच फोनवर त्या बैठ्या इमारतीचा फोटो काढला.

मी मात्र दुसरंच मोजत होते. या गावात १९०४ पासून पृथ्वीच्या सुईची थरथर नोंदली जात होती. ट्रामचा त्रास नको म्हणून अख्खी संस्था समुद्रापलीकडे आली. १७ जुलै १९४७ चीही नोंद इथल्या कागदांत असणारच, नेहमीसारखी, नीट. आणि त्याच पाण्यावरून माणसं नेणाऱ्या बोटीवर "आम्ही बुडतोय" एवढं कळवायचं यंत्र नव्हतं.

परतीला मांडव्याहून गेटवेची कॅटामरान पकडली. एसी, गाणी, सेल्फी. सूर्य बुडताना ताज दिसायला लागलं तसे सगळे एकाच बाजूला फोटो काढायला उठले आणि एक खलाशी ओरडला, "बसून घ्या, बसून घ्या, एका साइडला गर्दी नको!" लोक हसले. आम्ही दोघी बसून राहिलो.

घरी पोचले तेव्हा साडेनऊ झाले होते. आजी जागी होती. टीव्ही चालू, आवाज बंद. मी डबा धुवायला टाकला. तिने माझ्या पायांकडे पाहिलं. जीन्सच्या कडेला मिठाचा पांढरा पट्टा सुकला होता, पण तो किल्ल्याच्या पाण्याचाही असू शकला असता.

"रेवसला उतरलीस काय गो?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

ती थोडा वेळ टीव्हीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बोटीतून मुंबई कशी दिसते?"

मी फोन काढला आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. लाँचवरून काढलेले सगळे फोटो एकेक करून दाखवायला लागले. बंदराच्या तोंडापाशी काढलेल्या एका फोटोवर तिने बोट ठेवलं आणि म्हणाली, "हा मोठा कर."